मायक्रोमीटर वाचता येणारा मुलगा कुठून आणायचा? (कॉम्पिटन्सी बेस्ड ट्रेनिंगबद्दल जरा लांबलेलं उत्तर)

प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्या देशातलं आयटीआय आणि पॉलिटेक्निकचं शिक्षण नोकरीत प्रत्यक्ष लागणाऱ्या कॉम्पिटन्सीवर कसं आणायचं, नवा सिलॅबस आला की काम भागेल का, आणि विचारणारे सर स्वतः पॉलिटेक्निकला लेक्चरर आहेत म्हणून शेवटी त्यांनी विचारलंय की आम्ही आमच्या पातळीवर सुरुवात कुठून करायची. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे कुठल्या बाजूने बोलतोय ते कळेल. मी फिटर. स्वतः आयटीआय केलं, ॲप्रेंटिसशिप केली, भोसरीला एका टूलरूममध्ये सहा वर्षं बेंचवर काढली, मग सरकारी आयटीआयला निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा मास्तर, म्हणून लागलो आणि गटनिदेशक होऊन रिटायर झालो. त्यानंतर काही वर्षं शॉर्ट टर्म कोर्सचा असेसर, म्हणजे बाहेरून येऊन पोरांना तपासणारा, म्हणून गावोगाव फिरलो आणि आता चाकणला एका कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरला आठवड्यातून दोन दिवस जातो. शिकवून झालं, तपासून झालं आणि आता पोरं निवडायलाही बसतो.

आता मुद्द्याचं. मागच्या वर्षीचा इंटरव्ह्यू सांगतो. फिटर ट्रेडचा मुलगा, ऐंशीच्या वर टक्के, शर्ट इन केलेला, फाईल व्यवस्थित. मी टेबलावर लेथवर टर्न केलेली एक पिन ठेवली, शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा मायक्रोमीटर (स्क्रूने बारीक माप घ्यायचं हत्यार) दिला आणि म्हटलं डाया, म्हणजे व्यास, सांग. त्याने आधी मला लीस्ट काउंटची (हत्याराने घेता येणाऱ्या सगळ्यात लहान मापाची) व्याख्याच म्हणून दाखवली, पिच अर्धा मिलिमीटर, थिंबलवर, म्हणजे फिरणाऱ्या नळीवर, पन्नास भाग, म्हणून ०.०१, सगळं बरोबर. मग पिन धरली आणि रॅचेट (जास्त दाब पडू न देणारी टोकाची मूठ) सोडून थिंबलच पिळायला लागला, जी-क्लॅम्प आवळावा तसा. रीडिंग सांगितलं १२.२८. पिन होती १२.७८ ची. स्लीव्हवर, म्हणजे न फिरणाऱ्या नळीवर, खालच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरची रेघ उघडी पडली होती ती त्याला दिसलीच नाही. झीरो एरर (बंद केल्यावर शून्य दाखवतो का) बघितली नाही, पिन पुसली नाही हे तर सोडाच. अर्धा मिलिमीटर म्हणजे आमच्या धंद्यात थेट भंगार.

मी त्याला विचारलं की बाळा, आयटीआयला मायक्रोमीटर किती वेळा हातात घेतलास? तो प्रामाणिक होता, म्हणाला सर दोनदा, वीस जणांत चार होते आणि त्यातले दोन सरांच्या कपाटात असायचे. कपाटातले का, तर हरवला की वसुली निदेशकाच्या पगारातून होते. मीही ठेवायचो कपाटात, खोटं कशाला बोलू.

तर हा मुलगा पास झाला, चांगल्या मार्कांनी झाला, कारण त्याला जे विचारलं ते त्याला येत होतं. लीस्ट काउंट किती, चार पर्याय, गोल काळा करा किंवा आता कॉम्प्युटरवर क्लिक करा. मायक्रोमीटरने माप घे असं त्याला दोन वर्षांत कोणी एकट्याला उभं करून सांगितलं नाही, कारण वीस पोरांना एकेक करून तसं उभं करायला एक अख्खा दिवस जातो आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकाची परतीची एसटी पाचची असते.

कॉम्पिटन्सी हा शब्द नवीन आहे म्हणून लोक घाबरतात. आपल्याकडे त्याला सरळ 'हात बसणं' म्हणतात. वेल्डिंगला हात बसलाय, फायलिंगला हात बसलाय. माणसाला किती माहितीये हा प्रश्न नाही, ठरलेल्या वेळात, ठरलेल्या मापात, कोणी शेजारी उभं नसताना, दहा वेळा केलं तर दहाही वेळा जमतं का, एवढंच बघायचं. आणि सगळ्या सुधारणांचं घोडं इथेच अडतं: हात बसलाय की नाही हे लिहिणं स्वस्त आहे, तपासणं महाग आहे, आणि तो तपासण्याचा खर्च करायला कोणी तयार नाही. माझं सगळं उत्तर या एका वाक्यात आहे, पुढचं वाचायचं नसेल तर इथे थांबलात तरी चालेल.

थोडा इतिहास, कारण लोकांना वाटतं हे सगळं आत्ताच सुरू झालंय. कारागीर प्रशिक्षण योजना, जिच्यातून आयटीआय आल्या, ती १९५० ची. १९५६ ला आयटीआय चालवायचं काम राज्यांकडे गेलं आणि देशभर एकच दर्जा राहावा म्हणून एनसीव्हीटी ही राष्ट्रीय परिषद आली. १९६१ चा ॲप्रेंटिस ॲक्ट. यात गंमत बघा, आमच्या परीक्षेचं नावच ऑल इंडिया ट्रेड टेस्ट. ट्रेडची टेस्ट, म्हणजे कामाची परीक्षा. मूळ कल्पना पूर्णपणे कॉम्पिटन्सीचीच होती: हा घे एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा, हे ड्रॉईंग, मेल-फिमेल फिटिंग, म्हणजे एकमेकांत बसणारे दोन भाग, करून दे, उजेडात धरून बघू फटीतून प्रकाश येतो का. माझ्या वेळचे परीक्षक खरंच उजेडात धरायचे. एकाने माझा जॉब उलटा करून परत बसवून बघितला होता, म्हणाला एका बाजूने सगळ्यांचाच बसतो. मग संस्था वाढल्या, पोरं वाढली, परीक्षक तेवढेच राहिले, आणि हळूहळू प्रॅक्टिकलचे मार्क म्हणजे सगळ्यांना द्यायचे मार्क झाले. असं करा म्हणून कोणी ऑर्डर काढली नव्हती.

मग २०१३ च्या डिसेंबरात एनएसक्यूएफ, म्हणजे कौशल्यांच्या पायऱ्यांची राष्ट्रीय चौकट, आलं, एक ते दहा लेव्हल, प्रत्येक लेव्हलला काय यायला पाहिजे ते लिहिलेलं (आता २०२३ च्या बदलानंतर त्या आठ आहेत, मध्ये अर्ध्या अर्ध्या लेव्हलही आहेत, साडेतीन, साडेचार अशा). २०१५ ला १५ जुलैला स्किल इंडिया आणि पीएमकेव्हीवाय, म्हणजे शॉर्ट टर्म कोर्सची पंतप्रधान कौशल्य विकास योजना. सेक्टर स्किल कौन्सिलांनी, म्हणजे एकेका उद्योगासाठी नेमलेल्या मंडळांनी, हजारो पानं लिहिली, क्वालिफिकेशन पॅक, ऑक्युपेशनल स्टँडर्ड, परफॉर्मन्स क्रायटेरिया. आयटीआयला २०१३ मध्येच सेमिस्टर लावली आणि २०१८ ला परत वार्षिक केली, त्यात आमची पाच वर्षं फॉर्म भरण्यातच गेली. २०१८ च्या शेवटी एनसीव्हीईटी नावाचा नवा नियामक जाहीर झाला आणि २०२० च्या ऑगस्टपासून त्याचं काम सुरू झालं. थोडक्यात कागद आपल्याकडे भरपूर आहे. कोणी म्हणत असेल की भारतात कॉम्पिटन्सी स्टँडर्ड नाहीत म्हणून घोळ आहे, तर त्याने ते कपाट उघडून बघितलेलं नाही.

पण त्या कागदात काय लिहिलंय ते बघा. मी वाचलेल्या कितीतरी स्टँडर्डमध्ये अर्धी वाक्यं अशी की 'कामाच्या ठिकाणी सुरक्षेचे नियम पाळतो', 'सहकाऱ्यांशी प्रभावी संवाद साधतो'. हे फिटरला लावा, नर्सला लावा, हॉटेलच्या वेटरला लावा, सगळीकडे चालतं. जे सगळीकडे चालतं ते तपासता येत नाही.

याउलट खरी कॉम्पिटन्सी कशी दिसते ते सांगतो, मेंटेनन्स फिटरचं रोजचं काम घेऊ, मोटरचं बेअरिंग बदलणं. मोटर बंद करून पॅनलला स्वतःचं कुलूप आणि टॅग लावला का. पुलरने (ओढून काढायच्या हत्याराने) बेअरिंग काढलं की छिन्नी-हातोडा घेतला. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून नवं मागवता आलं का, ६२०५ असेल तर शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे बोअर (आतल्या भोकाचा व्यास) पंचवीस मिलिमीटर, हे माहिती आहे का. शाफ्टवरची बर (धातूची उभी राहिलेली धार) काढली का, शाफ्ट मायक्रोमीटरने मोजला का (बघा, आला परत मायक्रोमीटर). नवं बसवताना आतल्या रेसवर (रिंगवर) दाब दिला की बाहेरच्या रेसवर ठोकलं, कारण शाफ्टवर चढवताना बाहेरच्या रेसवर ठोकलं तर तो सगळा मार गोळ्यांमधून जातो, ट्रॅकवर खड्डे पडतात आणि ते बेअरिंग आवाज करायला लागतं. गरम करून बसवणार असेल तर तापमान बघतो का, ११० च्या आसपास पुरतं, गॅसच्या ज्योतीवर लाल करायचं नसतं. बसवल्यावर हाताने फिरवून बघतो का. हे सगळं चाळीस-पन्नास मिनिटांत. आता हे कुणालाही तपासता येईल, आणि दोन परीक्षकांनी वेगवेगळं तपासलं तरी निकाल एकच येईल.

अशी यादी ऑफिसात बसून तयार होत नाही. तिच्यासाठी एक जुनी पद्धत आहे, डॅकम म्हणतात, साठच्या दशकात कॅनडात निघाली. त्या कामात मुरलेले आठ-दहा लोक एका खोलीत दोन दिवस बसवायचे, मॅनेजर नाही, प्राध्यापक नाही, प्रत्यक्ष काम करणारे. ते बोलतात, एक जण कार्डावर लिहितो आणि भिंतीवर चिकटवतो. मी अशा एका बैठकीला होतो, मेंटेनन्स फिटरसाठीच. पहिला अर्धा दिवस सगळे पुस्तकातलं बोलत होते, फायलिंग, हॅक्सॉ, ड्रिलिंग. दुपारी जेवण झाल्यावर एक काका, बत्तीस वर्षं एकाच प्लांटला, म्हणाले अहो हे सगळं ठीक आहे पण मी सकाळी आल्यावर पहिलं काय करतो माहितीये का, मी शॉपमधून एक चक्कर मारतो आणि ऐकतो. कोणतं मशीन आज वेगळं बोलतंय. खोलीत एकदम गलका झाला, सगळेच म्हणाले अरे हो, हे तर लिहिलंच नाही. मग पुढचा तास भिंतीवर जी कार्डं लागली ती कुठल्याच सिलॅबसमध्ये नव्हती: रात्रपाळीच्या ऑपरेटरला नीट प्रश्न विचारणं, ब्रेकडाऊन रजिस्टर मागे जाऊन वाचणं, स्टोअरमध्ये पार्ट नसेल तर तात्पुरतं काय चालेल आणि काय अजिबात चालणार नाही हे ठरवणं. आणि त्याच लोकांनी हॅक्सॉने पन्नास मिलिमीटर जाड रॉड कापायचं कार्ड काढून टाकलं, म्हणाले बँडसॉ असताना कोण कापतंय. आमच्याकडे मात्र पोरांचे पहिले कितीतरी आठवडे हॅक्सॉ आणि फाईलवर जातात. (यावर माझं स्वतःचं मत जरा वेगळं आहे. फायलिंगने हाताला जी समज येते ती मशीनने येत नाही, म्हणून मी फायलिंग पूर्ण काढायच्या विरोधात आहे. पण तो वाद त्या काकांशी घालायचा, मंत्रालयातल्या फाईलशी घालून उपयोग नाही.)

आता तपासण्याकडे येतो. असेसर म्हणून फिरताना मी जे बघितलं ते नावं न घेता सांगतो. तीस जणांची बॅच, एक दिवस, एक असेसर, एक टॅब्लेट. प्रत्येकाचा फोटो, लोकेशनसकट. थिअरी टॅबवर. प्रॅक्टिकलला तीस जणांना सहा तासांत बसवायचं म्हणजे माणशी बारा मिनिटं, त्यात फोटो, सही, आधार बघणं. बारा मिनिटांत मी कुणाचा हात बसलाय हे कसं सांगणार? वर सांगितलेलं बेअरिंगचं काम तपासायचं तर दिवसाला आठ पोरं होतील, म्हणजे बॅचला चार दिवस, आणि पैसे मिळणार एका दिवसाचे. शिवाय सेंटरवाला दारात उभा, सर चहा, सर नाश्ता, सर जेवण इथेच, कारण पोरं पास झाली तरच त्याच्या सरकारी पैशाचा पुढचा हप्ता सुटणार. एका ठिकाणी मी अकरा जणांना नापास केलं. पुढच्या महिन्यापासून त्या एजन्सीकडून मला काम येणं बंद झालं, कोणी काही बोललं नाही, फक्त फोन यायचा थांबला.

यात सेंटरवाला राक्षस नाही. यंत्रणाच अशी बांधली होती की पोरगा नापास झाला तर सगळ्यांचं नुकसान आणि खोटा पास झाला तर कुणाचंच नाही, म्हणजे त्या पोराचं सोडून. सरकारनेच नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने २०१६ लाच सेक्टर स्किल कौन्सिलांच्या कारभारावर, त्यातल्या हितसंबंधांवर स्पष्ट लिहिलं होतं. इंग्लंडने हा धडा आपल्याआधी घेतलाय. तिथे १९८६ पासून एनव्हीक्यू (नॅशनल व्होकेशनल क्वालिफिकेशन) आणली, सगळं कॉम्पिटन्सीवर, कामाचे इतके बारीक तुकडे केले की टिकमार्कच्या याद्या फुगत गेल्या, पोरं आणि असेसर फाइली भरत बसले, वर ट्रेनिंग देणाऱ्याचे पैसे पोरं पास होण्याला बांधले. पुढे काय होणार ते आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिथले कामगार चिडवून त्याला 'नॉट व्हेरी क्वालिफाइड' म्हणायचे.

जर्मनीचं नाव सगळे घेतात. ड्युअल सिस्टीम, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस शाळेत, दोन ते साडेतीन वर्षं, सव्वातीनशेच्या आसपास मान्य व्यवसाय. आपल्याकडेही २०१६ ला आयटीआयसाठी ड्युअल सिस्टीमची योजना आली. पण शिष्टमंडळं जर्मनीला जाऊन मशीनचे फोटो काढून येतात आणि खरी गोष्ट बघायची राहते, ती म्हणजे तिथे परीक्षा कोण घेतं. तिथे परीक्षा चेंबर घेतं, म्हणजे आपल्याकडच्या उद्योजक संघटनेसारखी पण कायद्याने अधिकार दिलेली संस्था. परीक्षक मंडळात मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी तेवढेच, आणि किमान एक व्यवसाय शाळेतला शिक्षक. हे लोक मानद काम करतात. ज्या कारखान्याला उद्या हाच फिटर घ्यायचाय त्याचा माणूस तपासतोय, आणि ज्या कामगाराला याच्या शेजारी उभं राहून काम करायचंय तोही तपासतोय. चुकीचा पास केला तर त्रास त्यांनाच. झालं, एवढंच गुपित आहे.

आपल्याकडे हे जसंच्या तसं होणार नाही, तेही सांगतो. आपले बहुतेक कारखाने म्हणजे पाच-दहा माणसांची वर्कशॉपं. ॲप्रेंटिस ॲक्टमध्ये तीस किंवा जास्त माणसं असतील तर ॲप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, अडीच ते पंधरा टक्के, आणि २०१६ च्या ॲप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिन्याला दीड हजारापर्यंत, सरकार भरतं. मोठ्या कंपन्या घेतात, काही फार चांगलं शिकवतात, काही वर्षभर पॅकिंगला उभं करतात आणि दुसरी बॅच आणतात. छोटी वर्कशॉपं या गणितातच नाहीत. मग चेंबरची जागा कोण घेणार? माझ्या डोळ्यासमोर एमआयडीसीतल्या असोसिएशन आहेत. कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना मोल्डर आणि मशिनिस्ट पाहिजेत, सगळ्यांना एकच त्रास आहे, एकमेकांना ओळखतात. तिथल्या दहा अनुभवी फोरमनना परीक्षक म्हणून वर्षातून सहा दिवस द्या, दिवसाचा मोबदला त्यांच्या पगाराएवढा तरी द्या, आणि शिकवणाऱ्या संस्थेचा त्यात हात नको. पॅनेलने कुणाला पास केलं त्याची यादी असोसिएशनमध्ये उघडी ठेवा. चार महिन्यांनी ज्याच्या शॉपमध्ये तो मुलगा फसला तो फोरमनला विचारेल, अरे तू याला कसा पास केलास. त्या एका प्रश्नाला फोरमन जेवढा घाबरेल तेवढा लोकेशनवाल्या फोटोला कोणी घाबरत नाही.

पाबळचं उदाहरणही मला यासाठीच आवडतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ ला विज्ञान आश्रम सुरू केला, शाळा सुटलेली पोरं वर्षभर वर्कशॉप, वीज, शेती, घर-आरोग्य असं सगळं हाताने करत शिकतात, आणि त्यातली बरीचशी कामं गावातल्या लोकांची असतात, पैसे घेऊन केलेली. शेतकऱ्याने गेट करून घेतलं आणि ते पावसाळ्यात जमिनीला घासायला लागलं तर तो परत येतो आणि बोलतो. त्याच्याइतका कडक परीक्षक तुम्हाला सरकारी पॅनेलवर मिळणार नाही.

निदेशकाबद्दल बोललो नाही तर माझेच मित्र मला सोडणार नाहीत. कॉम्पिटन्सी बेस्ड म्हटलं की निदेशकाला ती कॉम्पिटन्सी यायला पाहिजे हे उघड आहे, पण भरती बघा. जागा रिकाम्या, त्यावर तासिका तत्त्वावर मुलं, त्यातले काही डिप्लोमा-डिग्री करून सरळ आलेले, ज्यांनी स्वतः कारखान्यात एक दिवस काम केलेलं नाही. निदेशकांसाठी वर्षभराचा सीआयटीएस कोर्स आहे, मुंबईला चुनाभट्टीच्या संस्थेत होतो, चांगला आहे, पण तो शिकवायचं कसं ते शिकवतो. सहा वर्षं बेंचवर उभं राहिल्यावर जे येतं ते तिथे कुठून मिळणार. आणि जो निदेशक २००० साली कारखान्यातून आला त्याने सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) प्रोब लावून ऑफसेट घेताना, म्हणजे माप जुळवताना, कधी बघितलंय? मी स्वतः पन्नाशीत पहिल्यांदा नीट सीएनसी शिकलो, तेही माझ्याच जुन्या विद्यार्थ्याच्या शॉपमध्ये, रविवारी, गुपचूप, कारण लाज वाटायची. दर पाच वर्षांनी प्रत्येक निदेशकाला दोन महिने कारखान्यात पाठवा, पगार चालू ठेवून, आणि तेवढ्या काळासाठी कारखान्यातला माणूस इकडे आणा. यात नवीन बिल्डिंग लागत नाही, म्हणूनच बहुतेक कोणी करत नाही, उद्घाटन कशाचं करणार.

पैशाचं म्हणाल तर पैसा येतो. २००७ ला देशातल्या १३९६ सरकारी आयटीआयना पीपीपीखाली, म्हणजे सरकार-उद्योग भागीदारीत, प्रत्येकी अडीच कोटी बिनव्याजी कर्ज मिळालं, उद्योगातला भागीदार अध्यक्ष असलेल्या व्यवस्थापन समितीकडे. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी पैसा एफडीत बसला, कारण खर्च केला तर ऑडिटला उत्तर द्यायचं, आणि न खर्च केल्याबद्दल कोणी विचारत नाही. मी बघितलेल्या एका ठिकाणी एफडीच्या व्याजातून रंगरंगोटी झाली आणि मिलिंग कटर मात्र पोरं वर्गणी काढून आणत होती. आता आयटीआय सुधारायची पीएम-सेतू योजना आलीये, ६० हजार कोटी, एक हजार आयटीआय, त्यात २०० हब (मुख्य) आणि बाकी ८०० स्पोक (त्यांना जोडलेल्या), उद्योगांचा वाटा १० हजार कोटी धरलाय. मी आशा सोडलेली नाही, पण मी तिथे एकच गोष्ट शोधेन: रोजच्या खर्चाला किती आहे? मशीन एकदा येतं. इलेक्ट्रोड, इन्सर्ट, एमएस फ्लॅट, कूलंट दर आठवड्याला लागतं. वेल्डिंगला हात बसायला पोराने शंभर-दोनशे रॉड जाळायला पाहिजेत, त्याच्या वाट्याला दहा आले तर तुम्ही त्याला वेल्डिंगबद्दल माहिती दिलीत एवढंच.

आणि एक कडू गोष्ट, जी सिलॅबसच्या चर्चेत कोणी काढत नाही. समजा सगळं जमलं, खरा हात बसलेला फिटर तयार झाला. तो गेटवर जातो आणि कॉन्ट्रॅक्टर त्याला तेवढाच पगार देतो जेवढा कालपर्यंत शेतावर असलेल्या हेल्परला देतो. मग त्याने जीव तोडून का शिकायचं? पोरं हिशोबात पक्की असतात. म्हणून तर दोन वर्षं इलेक्ट्रिशियन करून अर्धा वर्ग डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला जायच्या मागे असतो, आणि त्यांचं काय चुकलं, वायरिंगपेक्षा त्या वाटेला किंमत आहे. कंपनीवाले मिटिंगमध्ये म्हणतात स्किल्ड माणूस मिळत नाही. मी एकदा सरळ विचारलं की मिळाला तर किती जास्त द्याल, तर खोलीत एसीचा आवाज ऐकू यायला लागला. सर्टिफिकेटच्या ग्रेडप्रमाणे पगाराची पायरी हवी, असोसिएशनने आपसात ठरवलेली असली तरी चालेल, पण लिहिलेली हवी.

आता सरांचा शेवटचा प्रश्न, आम्ही सुरुवात कुठून करू. पॉलिटेक्निकला आउटकमचा, म्हणजे शेवटी पोराला काय करता यायला हवं त्याचा, शब्द आधीच आलाय, तंत्रशिक्षण बोर्डाच्या आय स्कीम या अभ्यासक्रमापासून प्रत्येक प्रॅक्टिकलच्या डोक्यावर आउटकम छापलेले आहेत, त्यामुळे नवीन काही लिहू नका, मान्यता मागायला जाऊ नका. तुमच्या डिपार्टमेंटचं एकच प्रॅक्टिकल निवडा. गेल्या तीन वर्षांत पास झालेल्या आणि आता कामावर असलेल्या सहा-सात पोरांना एका शनिवारी बोलवा, मेंटेनन्सला दोन, क्वालिटीला दोन, एखादा स्वतःचं वर्कशॉप टाकलेला. वडापाव आणा. एवढंच विचारा की पहिल्या सहा महिन्यांत तुमच्या हातून काय बिघडलं आणि त्यासाठी शिव्या कोणाकडून खाल्ल्या. उत्तरं कार्डावर लिहून भिंतीवर लावा. त्यातलं एक काम उचला, त्याची दहा ओळींची तपासायची यादी करा, जशी मी बेअरिंगची सांगितली तशी, आणि टर्मच्या शेवटी ते प्रॅक्टिकल तुम्ही तपासू नका. शेजारच्या वर्कशॉपमधला फोरमन बोलवा, त्याला यादी द्या, आणि प्रत्येक पोराला एकट्याला आत पाठवा. साठ पोरांना तीन दिवस लागतील. एचओडी म्हणतील तीन दिवस कशाला, तेव्हा मायक्रोमीटर आणि एक पिन त्यांच्या टेबलावर ठेवा आणि कुठल्याही फायनल इयरच्या पोराला हाक मारा. आणि हो, पिन अर्ध्याच्या पुढची घ्या, पॉइंट सात-आठ वगैरे.